सन २०११ ची सात घरटी

मुरलीपुरा, जयपूर
मंगळवार

प्रिय प्रज्ञा,

सप्रेम जयभीम. तुझा फॉर्म मिळाला. सीकर रोडवरच्या दुकानातून त्याची प्रिंट काढून आणली, कागदाला गुंडाळी पडली होती म्हणून दोन दिवस आईच्या पोळपाटाखाली दाबून ठेवली, आणि आता तो माझ्यापुढे आहे. 'या लेखातील सर्व नोंदी मी प्रत्यक्ष पाहून केल्या आहेत' अशा अर्थाची एक ओळ, तिच्याखाली रेघ, आणि रेघेखाली इंग्रजीत माझं नाव छापलेलं, उत्तम तायडे. पुढच्या शुक्रवारपर्यंत सही हवी म्हणालीस. तीन वेळा पेन उघडलं आणि तीन वेळा टोपण लावलं. बाबा आळशी झाले असं समजू नकोस. टिटव्यांच्या वहीतल्या एका वर्षापाशी माझा हात अडतोय, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तू 'मतलब काय बाबा, मतलब काय' करत मला मधेच तोडतेस आणि मी मुद्दा सोडून हवापाणी सांगायला लागतो. पत्रात तसं करता येत नाही. एखादा मराठी शब्द अडला तर आईला विचार, पण पत्र शेवटपर्यंत वाचल्यावरच फोन कर.

आधी एक गंमत सांगतो. मागच्या गल्लीतले सुभेदार शामराव तुला आठवत असतील, साताऱ्याचे, फौजेतून सुटल्यावर इथंच घर बांधून राहिलेले. इंग्रजी वाचायला मी त्यांना धरलं. फॉर्म दहा मिनिटांत वाचून झाला, पण मग त्यांनी लॅपटॉपवर तुझ्या त्या नियतकालिकाचं पानच उघडलं. संशोधकांकडून आम्ही काय काय स्वीकारतो, याची ही मोठी यादी! मला वाटायचं शोधनिबंध म्हणजे एकच प्रकार, जसा राजीनामा म्हणजे राजीनामा. दोन संध्याकाळी आम्ही त्या यादीवर काढल्या आणि आईनं दोनदा चहा गरम केला.

सगळ्यात वर मूळ संशोधन लेख. नवीन पाहिलेलं, मोजलेलं, तपासलेलं, आणि त्यातून काय निघतं ते सांगणारं. तुझा लेख त्यात आहे हे पाहून शामरावांनी मलाच सलाम ठोकला. मग आढावा लेख. म्हणजे स्वतः एकही घरटं न पाहता जगातल्या सगळ्यांच्या घरट्यांविषयी बोलायचं, असं मी म्हणालो, तर शामराव म्हणाले, तायडे, ते काम सोपं नसतं, दोनशे लोकांचं वाचून मग तोंड उघडायचं असतं. बरं बाबा. मग लघुटिपण, मग क्षेत्रटिपण, मग नुसत्या आकड्यांचा विदालेख, त्यात अर्थ लावायचा नाही, फक्त काय मोजलं आणि कसं मोजलं एवढंच द्यायचं. पुस्तकांची परीक्षणं. दुसऱ्याच्या लेखावरचा प्रतिसाद. हा प्रकार तुझी आई गेली चाळीस वर्षं तोंडी लिहितेय. आणि संपादकास पत्र! ते ऐकून शामरावांचे डोळे चमकले, कारण कोपऱ्यावरच्या ग्राइंडरच्या कारखान्याविरुद्ध त्यांनी पेपरांना अकरा पत्रं पाठवली आहेत. यातलं एकही छापून आलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मला नवल वाटलं ते पुढच्या ओळीचं. काहीच सापडलं नाही, असंही ते छापतात म्हणे. माणूस आशेनं गेला, हंगामभर पाहिलं आणि मनात होतं तसं काही दिसलं नाही, तर तेही पाठवा, आम्हाला हवंच आहे. मला हे फार आवडलं. आमच्या रेल्वेच्या कामात तर 'काही सापडलं नाही' हाच सगळ्यात चांगला अहवाल. साडेसहा किलोमीटर रूळ चालून यायचं, रूळ स्लीपरला धरून ठेवणारी प्रत्येक चावी ठोकून पाहायची, आणि 'सर्व ठीक' लिहायचं. आणि तुमच्यातले ते दोन परीक्षक, नाव न सांगता लेख तपासणारे, त्यांचं मला अगदी पटलं. साहेब लोक असेच न सांगता ट्रॉलीवर बसून यायचे आणि नेमक्या ढिल्या चावीपाशी उतरायचे. मी शामरावांना विचारलं की पाहिलंच नाही असं लिहायला कुठला प्रकार आहे? ते हसले, म्हणाले, जे पाहिलं नाही ते कशाला कोण लिहील? मी त्यांना यादीतली पुढची ओळ वाचायला सांगितली.

यादी मी उगाच एवढी वाचली नाही. कुठल्या प्रकाराला किती वजन हेही मी त्यांच्याकडून काढून घेतलं. मूळ लेखाचं वजन जास्त, टिपणाचं कमी, पत्राचं तर जवळपास नाहीच. तुझं कंत्राट मार्चमध्ये संपतंय आणि जानेवारीत तिथं बेंगळुरूलाच पक्क्या जागेची मुलाखत आहे. तिथं विचारतील, मूळ लेख किती? त्यात हा तुझा सगळ्यात मोठा. म्हणजे मी जे सांगणार आहे त्यानं तुझ्या लेखाची जागा यादीत खाली घसरू शकते, हे मला समजतं. समजूनच लिहितोय.

आता वहीचं. तू दहा वर्षांची होतीस, २००४ चा मे. सुट्टीत हट्टानं माझ्याबरोबर फुलेरा लाईनवर आलीस. खडीत पाय टाकणार तेवढ्यात टिटवी तुझ्या डोक्यावरून किंचाळत गेली आणि तू जागच्या जागी थांबलीस. तुझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर चार अंडी होती, खडीसारखीच मातकट, टोकं आत वळवलेली. मी सात वर्षं त्या तुकड्यावर की-मन होतो आणि मला कधी दिसली नव्हती, कारण मी चाव्या पाहायचो. तू म्हणालीस, तुम्ही रोज जाता ना, मग रोज लिहा. चौथीची अर्धी कोरी वही दिलीस आणि पट्टीनं रकाने आखून दिलेस. तारीख, किलोमीटर, अंडी किती, पुढं काय झालं. घरट्याजवळच्या स्लीपरच्या टोकाला मी चुन्याचा ठिपका द्यायला लागलो. रूळ दुरुस्तीच्या गँगमधले हसायचे, तायडेंची टिटवी चौकी म्हणायचे. पण निवृत्त होईपर्यंत सोळा उन्हाळे मी लिहिलं, आणि खोटं सांगत नाही, पायाखालची खडी मला त्यामुळे नवीन झाली. उन्हात टिटवी पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, हे मी कुणाच्या पुस्तकात वाचलं नाही, उकिडवा बसून पाहिलं.

त्या वह्या तू तीन वर्षांपूर्वी लोखंडी पेटीतून काढल्यास, रकान्यांचे तक्ते केलेस, आणि लेखावर माझं नाव घातलंस. नुसते आभार मानले असतेस तरी मी गल्लीत पेढे वाटले असते. तुझी भाषा मला कळत नाही, पण तू मला समजावून सांगितलंस ते नीट लक्षात आहे. एरवी दहा घरट्यांतली दोन-तीनच टिकतात, बाकीची कुत्री आणि कावळे खातात. पण जिथं गँगचं काम चालू असतं तिथं माणसांमुळे कुत्री लांब राहतात आणि घरटी वाचतात. पुरावा म्हणजे २०११. त्या वर्षी माझ्या तुकड्यावर रूळ बदलायचं काम होतं, गँगचे तंबू होते, आणि नवातली सात घरटी यशस्वी झाली. दुसऱ्या परीक्षकानं तर लिहिलं की या लेखातली सगळ्यात लक्षवेधी गोष्ट हीच आहे. तू मला फोनवर ते वाक्य दोनदा वाचून दाखवलंस. तेव्हाच सांगायला हवं होतं. तुझा आवाज इतका आनंदी होता की माझी जीभ रेटली नाही.

प्रज्ञा, त्या सात घरट्यांचं काय झालं हे मला माहीत नाही. १४ मे ते ४ जून २०११ असे बावीस दिवस मी लाईनवर नव्हतो. रीतसर रजा टाकली होती, माझा तुकडा गँगमधला भगवान चालत होता, आणि त्यानं रुळाचं काम चोख केलं. घरट्यांवर नजर ठेव असं मी त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "उत्तमजी, मैं पटरी देखूँ कि अंडे गिनूँ?" त्याचं बरोबर होतं. परत आलो तेव्हा चुन्याचे नऊ ठिपके जागेवर होते आणि नऊही खड्डे रिकामे. पिल्लं निघून गेली तरी खड्डा तसाच दिसतो आणि कुत्र्यानं खाल्ली तरी तसाच. टिटवीची पिल्लं एक-दोन दिवसांतच चालायला लागतात, मागं काही ठेवत नाहीत. वहीतल्या त्या पानांवरचं सगळं, तारखा, पिल्लांची संख्या, सगळं मी नंतर बसून लिहिलं आहे. शाई एकच आहे, बघ. बाकी पानांवर घामाचे डाग आहेत, त्यांवर नाहीत. तू शास्त्रज्ञ असून तुला कसं दिसलं नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. आणि वाईटही वाटतं, कारण तू बाबांची वही म्हणून तपासली नसशील.

आईशी बोललो. आधी ती म्हणाली, "अवो, चौदा वर्सा मांगची अंडी आता कोन मोजाले जाते? करून टाका न सही." दिवसभर तिचं हेच. गुडघ्याला तेल चोळताना, विहारातून येताना, मेथी निवडताना. पोरीचं कल्याण होतंय तर तुम्ही मधात कशाला? मी तिला म्हटलं, इंदू, ढिली चावी दिसली आणि गाडी यायची आहे, तर मी झेंडी लपवून घरी येऊ का? तेव्हापासून ती माझ्याशी मोजकंच बोलतेय. पण काल तिनंच लिहायचे कागद आणून ठेवले.

मी कुठं होतो ते आता सांगतो. मी कोट्याला होतो. तुझ्या हॉस्टेलसमोर.

तू एप्रिलमध्ये भांडून क्लाससाठी कोट्याला गेलीस. जाताना मला शपथ घातलीस की मी बोलावल्याशिवाय यायचं नाही, तुम्ही आलात तर मुली म्हणतील बाप सांभाळायला आला. मी मान्य केलं. मे महिन्यात तुमच्या मेसच्या कस्तुरीजींचा फोन आला. म्हणाल्या, भाईसाहब, बच्ची थाळी तशीच ठेवते, जिन्यात एकटी बसते, क्लासला जाते की नाही कळत नाही. कोट्यात मुलांनी जीव दिल्याच्या बातम्या तेव्हाही पेपरात यायच्या. तुझी आई रडली नाही, तिनं जवसाची चटणी बांधून दिली. मी रात्रीची गाडी पकडली. ठरवलं होतं की सरळ आत जायचं आणि तुला घेऊन यायचं. पण फाटकापाशी पोचलो आणि पाय थांबले. आत गेलो असतो तर तू आली असतीस, आणि आयुष्यभर 'मी पळून आले' हे घेऊन आली असतीस. परत फिरलो असतो तर मी वेडा झालो असतो. म्हणून समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या बाकावर बसलो, डोक्याला गमछा गुंडाळून. कस्तुरीजींना काय ते सांगून ठेवलं. आत त्या नजर ठेवायच्या, बाहेर मी. दुकानदारानं दुसऱ्या दिवशी विचारलंही नाही. कोट्यात असे बाप बरेच असतात. ओळखीच्या एका गँगमनच्या क्वार्टरमध्ये झोपायचो, सकाळी आणि संध्याकाळी बाकावर. हे बरोबर केलं की चूक, मला अजूनही ठरवता येत नाही. तू एखाद्या दिवशी खाली कोसळली असतीस तर मी रस्त्यापलीकडे बसून काय करणार होतो, हा विचार आजही मनात येतो.

रविवारी पाचला तुझा फोन यायचा. खोलीत रेंज नसल्यानं तू फाटकाशी यायचीस. म्हणजे तू मला फोन करत होतीस आणि मी पंचवीस पावलांवरून तुला पाहत होतो. पहिल्या रविवारी तू स्वतःबद्दल एक अक्षर बोलली नाहीस, एवढंच विचारलंस की टिटव्या काय म्हणतात. मी लाईनवर नाही हे तुला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून म्हणालो, दोन घरट्यांतली पिल्लं निघाली, आठच्या आठ. आणि तू भिंतीला टेकलीस. भांडून गेल्यापासून ताठ राहिलेली माझी पोरगी भिंतीला टेकली आणि तिनं डोळे पुसले. दुसऱ्या रविवारी मी आणखी तीन घरटी यशस्वी केली. तू विचारलंस, कुत्री नाही आली? मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हणालो, गँगचे तंबू आहेत ना, माणसं आहेत म्हणून कुत्री येत नाहीत. तुला ते पटलं. तू म्हणालीस की माणसं जवळ असली की जगतात तर. तिसऱ्या रविवारी शेवटची दोन. मग ते वहीत लिहावंच लागलं, कारण सुट्टीत आलीस की तू आधी वही उघडायचीस. खरं सांगायचं तर गँगच्या उरलेल्या भाकरीमुळे कुत्री वाढतात, कमी होत नाहीत. तुझ्या लेखाचा गाभा मी त्या बाकावर बसून बनवलेला आहे, बाळा. त्याला दुसरा आधार नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. २०११ काढून टाक, ती जागा रिकामी सोड, आणि का रिकामी आहे ते लिही. माझं नाव ठेवायचं की काढायचं ते तू ठरव, मला राग येणार नाही. उरलेले पंधरा उन्हाळे मात्र अक्षरशः खरे आहेत, त्यातल्या प्रत्येक अंड्यासाठी मी वाकलो आहे. त्यांचं टिपण होईल का, विदालेख होईल का, की 'जे वाटलं होतं ते दिसलं नाही' या प्रकारात जाईल, ते तुला कळेल. मुलाखतीत एक मूळ लेख कमी पडेल. पडू दे असं मी म्हणू शकत नाही, नोकरी तुझी आहे. पण चार वर्षांनी कुणी परक्या माणसानं त्या पानाची शाई पाहून तुला विचारलं असतं, तर ते मला सोसलं नसतं. फॉर्म कोराच परत पाठवतोय.

फॉर्मबरोबर आणखी एक कागद आहे. तो मी आजवर कुणालाच दाखवलेला नाही, आणि खरं म्हणजे हे पत्र मी त्या कागदासाठीच लिहिलं. तू एकदा, पीएचडीच्या वेळी, म्हणाली होतीस की कोट्यात मी इतकी एकटी होते की मेले असते तर संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नसतं. तेव्हा मी काही बोललो नाही. बोललो असतो तर शपथ मोडल्याचं कळलं असतं, आणि टिटव्यांचंही. ती नोंद चुकीची आहे, प्रज्ञा, म्हणून दुरुस्त करतोय. बाकावर बसल्या बसल्या सवयीनं मी खिशातल्या डायरीत लिहीत होतो, तुझ्याच रकान्यांत. त्या डायरीची ही पानं. १४ मे, संध्याकाळ, खाली आली नाही, कस्तुरीजी म्हणतात झोपली आहे. १५ मे, फोनसाठी फाटकाशी आली, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. १९ मे, गाड्यावर पोहे घेतले, अर्धे टाकले. २३ मे, पूर्ण खाल्ले. २६ मे, पूर्ण, वर लिंबू मागून घेतलं. ४ जून, दोन मुलींबरोबर बाहेर आली, त्यातली एक काहीतरी म्हणाली आणि ही मोठ्यानं हसली, मी दुपारच्या गाडीनं जयपूरला परत. बावीस दिवस आहेत, एकही दिवस सुटलेला नाही, आणि सगळं प्रत्यक्ष पाहून लिहिलेलं आहे. या कागदाच्या खाली मी सही केली आहे.

तुझ्याच वहीचा नोंदकरी,
तुझाच,
बाबा